शेवटची कात

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या शिपायांना सगळे मामाच म्हणायचे, मीही. चिकलठाण्याहून सायकलवर यायचे आणि काहीही सांगितलं तरी आधी "बघू ना मॅडम" म्हणायचे.

कन्नडच्या जंगलातून मी आणलेला कोळी नव्या जातीचा वाटत होता, पण होता पिल्लू. नर वयात आल्याशिवाय जात ठरवता येत नाही. तोवर त्याला बरणीत वाढवायला हवं होतं. पेपर तपासून मी पार पिचले होते, म्हणून ते काम मामांच्या गळ्यात घातलं.

मामा रोज एक जिवंत माशी आणायचे, पंख न मोडता धरलेली. रविवारीही यायचे. कोळ्यानं टाकलेली प्रत्येक कात त्यांनी कागदाच्या पुडीत जपून ठेवली.

शेवटची कात पडली, कोळी वयात आला, तसं मी नमुना म्हणून त्याला बुडवायला स्पिरिटची कुपी काढली. मामा म्हणाले, "आज लई थकलाय तो. उद्या घ्या."

दुसऱ्या दिवशी मी बरणी उचलायला गेले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. मीच टाकतो." टाकला, आणि पाय हलायचे थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले.

जात नवीच निघाली. शोधनिबंध छापून आला. पायावरचा एक केसही माझ्या वर्णनातून सुटला नव्हता. मी मामांना फोटो दाखवला, आठही पाय ताणून काढलेला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला.

"व्हय, तोच हाय," ते म्हणाले. "पण असा कधी बसत नव्हता हो. पाय पोटाशी घेऊन बसायचा."