नाव कमी झालेला मामेभाऊ

माझ्या मामेभावाइतका लोकांच्या उपयोगी पडणारा माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि जिथे त्याने असायला हवं तिथे तो स्वतः कधीही सापडला नाही. राहू गावच्या शाळेत हजेरी घेताना त्याचं नाव आलं की अख्खा वर्ग खिडकीकडे बघायचा, कारण हा बाहेर कुणाच्या तरी सायकलची चेन बसवत असायचा. सख्ख्या बहिणीच्या लग्नात कानपिळीचा मान त्याचा. नवरदेव कान पुढे करून उभा, भटजी घड्याळ बघतायत, आणि हा कुठे, तर कार्यालयामागच्या चिखलात वऱ्हाडाच्या जीपला धक्का मारतोय! शेवटी नवरदेवाचा कान मी पिळला. सगळं उरकल्यावर हा गुडघाभर चिखलाने आला आणि म्हणाला, "दादा, म्हातारी माणसं बसली व्हती जीपमदी. उतरवायची कशी?" त्याच्यावर रागावणं फार कठीण होतं.

त्याची आणखी एक खोड म्हणजे, वाईट बातमीची शंका आली की तो ती बघतच नसे. दहावीचा निकाल लागला, मामींनी पेढे वाटले, पण याने मार्क पाहिलेच नव्हते. "अरे, पास झालायस तू," मी म्हणालो. "आसंल की," तो म्हणाला, "पर बघितलं म्हंजी कळणार ना, किती थोडक्यात वाचलो ते." शेवटी मार्क मी वाचून दाखवले, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते.

असा हा मुलगा बारावीनंतर पुढल्या शिक्षणाला मेलबर्नला गेला. मामा राहूतले बागायतदार, सोसायटीत शब्दाला वजन असलेले. त्यांनी ओसरीत एक नवं घड्याळ लावलं आणि त्यात मेलबर्नची वेळ लावली. आलेल्या माणसाने वेळ विचारली की आधी तिकडची वेळ सांगितली जायची. "पोरगं आता कॉलेजातनं आलं आसंल," असं म्हणून झाल्यावर मग आपली. केडगावची गाडी गाठायला निघालेल्या एका पाहुण्यांनी त्या घड्याळावर विश्वास ठेवला आणि ऊर फुटेस्तोवर धावत, भर दुपारी, रिकाम्या स्टेशनावर जाऊन बसले. व्हिडिओ कॉलवर मुलगा ट्राम दाखवायचा, बाजारातले नारळाएवढे कांदे दाखवायचा, शेजारणीचा कुत्रा दाखवायचा. मामी त्याच्या तव्याची पाहणी करायच्या. कॉलेज मात्र कधी दिसलं नाही. मी एकदा म्हणालो, "वर्ग दाखव की रे." "तिथं कॅमेरा चालत न्हाई, दादा," तो म्हणाला, आणि पुन्हा ट्राम दाखवली.

मी शिरूरला असतो. एके सकाळी मी कामावर निघालो असताना त्याचा फोन आला. "दादा, माझं नाव कमी झालं." मला वाटलं, कॉलेजातून. तर म्हणाला, "देशातनं बी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच्या खोलीवर राहणाऱ्या नेपाळी मुलाचा सायकलवरून पडून पाय मोडला होता. त्याचं तिथं कुणी नव्हतं. आमच्या या बहाद्दराने कॉलेज सोडलं आणि त्याला न्हाऊ घालणं, भात करून देणं, दवाखान्यात नेणं-आणणं सुरू केलं. पाय बरा झाला, नेपाळी मुलगा आपल्या वर्गात परतला. हाही एकदा आपल्या वर्गात जाऊन बसला, पण शिकवणं बरंच पुढे गेलं होतं. "सगळी हसत व्हती, दादा. माझ्यावर न्हाई, कायतरी विनोद झाला व्हता. पर मला त्यो बी कळला न्हाई." दुसऱ्या दिवशी तो कॉलेजच्या फाटकापर्यंत गेला आणि मागे फिरला. मग रोजच मागे फिरू लागला. पुढल्या सत्राला त्याने नावच घातलं नाही. कॉलेजने कळवलं, व्हिसावाल्यांनी खुलासा मागितला. याने एकही मेल उघडला नाही. शिकायला आलेला माणूस कुठेच शिकत नाही म्हटल्यावर त्यांनी व्हिसा रद्द केला. ते त्याला त्या नेपाळी मुलाने वाचून दाखवलं.

मामांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "गावात बोलू नका. सुट्टीवर येतोय म्हनायचं."

पण परदेशातून आलेल्या मुलाला गाव असं सोडतंय होय? शाळेने सत्कार ठेवला. मामांना नको म्हणता येईना. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं झालं. फेटा सैल बांधलेला, तो सारखा डोळ्यांवर यायचा. हेडमास्तर म्हणाले, "आता परदेशातल्या शिक्षणाबद्दल मुलांना दोन शब्द सांगा." तो माईकपाशी उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा, जिथे असायला हवा तिथे. मी मनात म्हणत होतो, बाबा रे, ट्रामबद्दल बोल, कांद्यांबद्दल बोल, काहीही बोल.

"म्या शिकलो न्हाई," तो म्हणाला. "कॉलेजातनं माझं नाव कमी झालं. व्हिसा रद्द झाला, म्हनून आलोय. जवा समजंना झालं, तवाच कुनालातरी इचारायचं व्हतं. तुमी इचारा."

कुणाला टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना. मागच्या रांगेतल्या दोघी-चौघींनी वाजवल्या आणि थांबल्या. पहिल्या रांगेतून मामा उठले आणि कुणाकडेही न बघता मैदान ओलांडून चालत गेले. याने मात्र माईक सोडला नाही; बोलायचं संपलं होतं, तरी बराच वेळ धरून उभा राहिला.

तेव्हापासून मामा त्याच्याशी बोललेले नाहीत. तो आता शेजारच्या गुऱ्हाळावर गूळ पाडतो आणि रोज वेळेवर जातो. "परत अर्ज करायचा का कुठं?" मी विचारलं तर म्हणाला, "आता कोन घेतंय, दादा?" आणि हसला. हल्ली तो हसतो तेव्हा मला बघवत नाही.

परवा मी राहूला गेलो होतो. आमची जेवणं झाली होती. तो गुऱ्हाळावरून येऊन हातपाय धुऊन उंबऱ्यात बसला. त्याच्या अंगाला गुळाचा वास येत होता. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला म्हनावं, जेवून घे. भाकरी निवतीय."

तो हातभर अंतरावर होता. तरी मी म्हणालो, "मामा म्हणतायत, जेवून घे."

"व्हय," तो म्हणाला. पण उठला नाही. मामा आणखी काही म्हणतील म्हणून तिथेच बसून राहिला.