इंग्लंड काय नि वेल्स काय

लॉकडाऊनमध्ये उइटहॉर्न या डच गावातल्या आमच्या घराची मागची बाग आणि शेजारच्या आजींची बाग यांच्यामध्ये कमरेएवढं कुंपण होतं. माझी दहा वर्षांची लेक निम्मा दिवस तिथेच असायची. आजी मूळच्या वेल्सच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या, आता एकट्या. शाळा ऑनलाइन होती आणि लेकीला वर्गासमोर भाषण द्यायचं होतं. इथे त्याला स्प्रेकब्यूर्ट म्हणतात, नि पोरांना त्याची परीक्षेपेक्षा जास्त धास्ती. तिने विषय घेतला, दगडातून तलवार उपसणारा राजा.

आजींनी तीन आठवडे, दीड मीटर अंतर राखून, तिला शिकवलं. हा राजा मुळात वेल्श गोष्टींतला. गोल मेज वगैरे सजावट नंतरची. जुन्या गोष्टींत तो एका अक्राळविक्राळ रानडुकरामागे रानोमाळ धावतो. आणि लढला कोणाशी, तर इंग्रजांच्याच पूर्वजांशी. 'वेल्श' हे नावही त्यांनीच ठेवलेलं, अर्थ परके. आपल्याच देशात परके, असं आजी हसत सांगायच्या.

भाषणाच्या सकाळी मी स्लाइड तपासायला बसलो. कोणी बोलावलं नव्हतं, पण आम्हाला लुडबुडल्याशिवाय चैन कुठलं. पहिल्याच स्लाइडवर 'वेल्श लोकांचा राजा'. म्हटलं, अगं, इंग्लंडचा लिही, तुझ्या बाईंना चूक वाटेल. ती डचमध्ये हुज्जत घालायला लागली. मला मीटिंगची घाई. "इंग्लंड काय नि वेल्स काय, एकच ते," म्हणत मीच खोडून बदललं.

बाईंनी आजींनाही लिंक पाठवली होती, हे मला भाषण सुरू झाल्यावर कळलं. पडद्याच्या कोपऱ्यात त्या केस नीट विंचरून बसल्या होत्या. लेकीने मान खाली घालून 'इंग्लंडचा राजा' वाचलं आणि आजींनी कॅमेरा बंद केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुपारी कुंपणापाशी जाऊन मी माफी मागितली. "मला सवय आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीची मागा."

नाही मागितली. बापाने पोरीची माफी मागायची, हे काही पचेना. आणि मी कोण, तर ऑफिसात कोणी "घरी इंडियन बोलता का?" विचारलं, की त्याला मराठीवर पंधरा मिनिटं पिडणारा माणूस. त्याची लाज अजून वाटते.

पुढच्या आठवड्यात तिचा वर्ग चालू असताना मी स्वयंपाकघरातून आईशी फोनवर बोलत होतो, नेहमीच्या मोठ्या आवाजात. बाईंनी विचारलं, बाबा कुठली भाषा बोलतायत?

"इंडियन," लेक म्हणाली.

मी फोन तसाच ठेवून तरातरा गेलो. "अगं, मराठी सांग ना."

एरवी ती मला डचमध्येच उत्तर देते. त्या दिवशी तिने माइक बंद केला, माझ्याकडे वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "एकच ते, बाबा."