पांढऱ्या वाळूवरची पावलं

माझे बाबा झिंग्यांच्या टँकसमोर खुर्चीत बसल्या बसल्या गेले, तेव्हा घरात कुणीच नव्हतं.

आज वर्ष झालं.

झिंगे म्हणजे खायचे नाहीत, पाळायचे. नखाएवढे, लाल, गोड्या पाण्यातले. वसमतमध्ये हे समजावून सांगण्यात बाबांचं रिटायरमेंटनंतरचं आयुष्य गेलं. घरी येणारा प्रत्येक जण टँकमध्ये डोकावून विचारायचा, "सायेब, हे खायाला कधी काढता?"

बाबा क्लार्क होते. त्यामुळे टँकच्या तळाला काय पसरायचं हा निर्णय त्यांनी ऑफिसातली फाइल फिरवावी तसा कित्येक महिने फिरवला.

हट्टा गावच्या मावशीच्या शेतातली काळी माती आणली. पाण्याचा चहा झाला.

मुरूम आणला. पाणी गढूळ ते गढूळच.

बारीक खडी आणली, तिच्यावर लिंबू पिळलं. फेस आला. "चुना हाय हिच्यात. आपलं पाणी आधीच जड," म्हणत सगळी अंगणात ओतली.

यूट्यूबवर जो तो सांगत होता, काळी वाळू घ्या. काळ्यावर लाल खुलतं. पांढऱ्यावर झिंगे घाबरतात, रंग सोडतात.

बाबांनी पांढरी घेतली. धुतली, वाळवली आणि आईच्या पिठाच्या चाळणीनं चाळली. मैद्यासारखी बारीक.

"काहून पण, बाबा?"

"दिवसभर लपून राहतात गं. हाईत का गेले, कळत न्हाई. बारीक वाळूवर पाऊल उमटतं. सकाळी पाहिलं की समजतं, येऊन गेले."

आणि तसंच झालं. झिंगे हळूहळू फिके पडले, पार काचेसारखे. टँक रिकामा वाटायचा. फक्त सकाळी वाळूवर माग दिसायचा. दोन्ही बाजूंना टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके, मधून एक ओढलेली रेघ.

कुलूपबंद घरात रोज कुणीतरी चालून जावं तसं ते दिसायचं. खरं सांगते, मला त्या टँकची भीती वाटायची.

आई तर तिकडे फिरकायचीच नाही. आमच्या घरात अंडं चालत नाही, आणि बाबा झिंगे घेऊन बसलेले.

बाबा गेले त्या दिवशी दोघांचं भांडण चाळणीवरून झालं. भाकरीत वाळू कचकचली. चपला घालता घालता आई म्हणाली, "लई जीव हाय ना त्या किड्यायवर? मंग फुडचा जनम त्यायच्यातच घ्या!"

आणि एसटीनं हट्ट्याला बहिणीकडे निघून गेली.

संध्याकाळी मला शेजारच्यांचा फोन आला.

आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी दिवा लावतात. दिव्याजवळ पीठ पसरून वर दुरडी पालथी घालतात. सकाळी उचलून बघतात. पिठावर ज्या जिवाचा ठसा उमटेल, त्या जिवाचा जन्म मिळाला असं मानतात.

मी शाळेत सायन्स शिकवते. माझा यावर काडीचा विश्वास नाही.

पीठ आईनंच चाळलं. त्याच चाळणीनं.

पहिल्या सकाळी पीठ कोरं. दुसऱ्या सकाळीही कोरं. आई अन्नाला शिवेना. भिंतीला टेकून एकच म्हणायची, "मी काय बोलून गेले गं. माझं तेच बोलणं संगं नेलं त्यांनी."

मला बघवेना. ठरवलं, आपणच काडीनं चिमणीचं पाऊल काढायचं. खोटं तर खोटं, आईच्या घशाखाली घास तरी उतरेल.

तिसऱ्या सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा काडी घेऊन मी दुरडी उचलली.

पिठावर ठसा होता.

दोन्ही बाजूंना टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके. मधून एक ओढलेली रेघ. पिठाच्या कडेपासून दिव्यापर्यंत गेलेली. परतीचा माग नव्हता.

झुरळ असेल, मी स्वतःला सांगितलं. दुरडीखालून शिरलं असेल.

मागे ओल्या केसांनी आई उभी.

"काय उमटलं?"

"चिमणी आहे, आई."

ती वाकली. खूप वेळ बघत राहिली.

"व्हय. चिमणीच हाय."

त्या दिवशी ती जेवली.

वर्षभर हे मी कुणाला सांगितलं नाही. भावालाही नाही. सुट्टीला घरी आले की टँक साफ करायचे. मधल्या दिवसांत पाणी कमी कसं होत नाही, याचा विचार करायचं मी टाळलं.

आज वर्षश्राद्धाला येताना काळ्या वाळूची पिशवी घेऊन आले. ती पांढरी एकदाची काढून टाकायची. झिंगे लाल दिसतील, चारचौघांसारखा टँक होईल, माझ्याही मनातलं जाईल.

पिशवीला कात्री लावणार, तेवढ्यात आईनं माझा हात धरला.

"काळी नको घालू."

"अगं, छान दिसतील."

"ह्यांची पावलं दिसायची न्हाईत."

मी कात्री खाली ठेवली.

"मला तव्हाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "हे फिरायला गेले की मी बी रोज पाहत व्हते वाळूवर. तू चिमणी म्हणलीस. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी बी चिमणीच म्हणले."

मग तिनं डोक्यावर पदर घेतला. उकडलेलं पालकाचं पान पाण्यात सोडलं आणि काचेवर बोट टेकवलं.

"अहो, या. मी न्हाई रागावले."

मला एकही झिंगा दिसला नाही. ठिपके मात्र एकामागून एक उमटत आले. काचेपर्यंत. आईच्या बोटापर्यंत.

श्रद्धांजली लिहायला बसले होते. हात होत नाही.

बाबा, आई वाट बघते. रोज येत जा.