ऐंशी सेंटीमीटरचं दार

माझी मुलगी तिसरीत गेली तेव्हा तिच्या वर्गशिक्षिकेने एक पद्धत सुरू केली. महिन्याच्या सुरुवातीला ती पालकांना फोनवर निरोप पाठवते. या महिन्यात मुलं काय शिकणार, घरी आपण काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे सगळं त्यात असतं. निरोप लांबलचक असतो. मी पहिल्या दोन ओळी वाचते आणि उरलेला निवांत वाचू म्हणून ठेवून देते. माझ्या ओळखीतल्या सगळ्या आया हेच करतात, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटत नाही.

आधीचे महिने वजाबाकीत गेले होते आणि ते आम्हा सगळ्यांनाच जड गेले. मी हातचा घ्यायला शिकवायची, मिस काड्यांचे गठ्ठे सोडवायला लावायची, आणि पोरगी दोघींच्या मधे अडकून पेन्सिलीचं टोक चावत बसायची. गणिताच्या तासाला तिच्या पोटात दुखायचं. तेवढाच तास दुखायचं, मधल्या सुट्टीत ठणठणीत.

मग एका महिन्याच्या निरोपात पहिल्याच ओळीत आलं: मोजमाप. लांबी, सेंटीमीटर आणि मीटर. मी तो निरोप जिन्यावरूनच ओरडून दुकानात वाचून दाखवला.

आमचं दुकान शिलाईचं. चामराजपेटेत खाली दुकान आणि वर आम्ही. मी सोलापूरहून लग्न होऊन इथे आले, पण सासरच्या मंडळींचं महाराष्ट्र सुटून इतक्या पिढ्या झाल्या की नेमक्या किती ते मामंजींनाही, म्हणजे माझ्या सासऱ्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी टिकली आणि शिलाई टिकली. मराठीत निम्मं कन्नड शिरलं, शिलाईत मात्र कुणाला शिरू दिलं नाही. मामंजी नुसत्या नजरेने गिऱ्हाइकाची छाती सांगतात आणि मग टेप लावतात ती केवळ गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. नवरा शर्ट-पँट बेततो, मी ब्लाउज शिवते. अशा घरातल्या मुलीला मोजमाप शिकायचंय म्हटल्यावर आम्हाला आनंदाचं भरतं आलं.

तिला तर आमच्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात आपणहून हात वर करून सांगितलं की आमच्या घरी सगळे टेलर आहेत, मला मापं येतात. वजाबाकीच्या महिन्यांत हा हात एकदाही वर गेला नव्हता. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मामंजींनी मशीन थांबवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

आठवडाभराने गृहपाठ आला. घरातल्या वस्तू मोजायच्या. आधी लांबीचा अंदाज लिहायचा, मग मोजून खरी लांबी. दोन रकाने, दोन्हींवर छापलेलं: सेमी. पोरीने दप्तरातून पट्टी काढली, तर मामंजी म्हणाले की ती पट्टी शाळेतच राहू दे, आणि गळ्यातली टेप काढून पुढे झाले. मग काय, घरात जत्रा भरली. मामंजींनी दार मोजलं, नवऱ्याने कपाट मोजलं, मी कणकेचे हात पुसून जेवणाचं टेबल मोजलं. पोरगी मधे उभी राहून आम्ही सांगू ते आकडे लिहीत होती. अंदाजाचा रकाना मामंजींनी लांबूनच भरला, आणि अंदाज आणि खरं माप अगदी तंतोतंत जुळलं. ते जुळणारच होतं.

एकदा तिने विचारलं, "आज्जा, हे सेंटीमीटर ना?"

"तेच ते, पुट्टी. माप म्हणजे माप," मामंजी म्हणाले. पुट्टी हे इथलं लाडाचं, लहान मुलीला म्हणायचं. मामंजींच्या तोंडून ते निघालं की विषय संपतो.

आता शिंप्याच्या टेपला दोन बाजू असतात. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. आमच्या घरात ती दुसरी बाजू म्हणजे टेपची पाठ, ती अंगाला लागते, डोळ्यांना नाही. जन्मभर कमर छत्तीस आणि बाही तेवीस म्हणणाऱ्या माणसांनी दार मोजलं, ते भरलं ऐंशी. आम्ही ऐंशी सांगितलं, तिने ऐंशी सेमी लिहिलं. टेबल तीस सेमी. कपाट बहात्तर. हे ज्यांना मापातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्या हातून झालं नसतं, त्यांनी निमूट पट्टीवर बघितलं असतं. त्याला आमच्यासारखे तज्ज्ञच लागतात.

वर्गात मिसने वही उघडली आणि साध्या मनाने विचारलं की तुमचं दार तुझ्याहूनही बुटकं आहे का, मग तुम्ही आत कसे जाता. वर्ग हसला. कुणीतरी रांगून दाखवलं. तिसरीतली पोरं, ती हसणारच. पण आमची पोरगी घरी आली ती दुकानाच्या बाजूला न बघता थेट वर गेली.

त्या संध्याकाळपासून तिने दुकानात येणं सोडलं. एरवी शाळा सुटली की ती स्टुलावर चढून मामंजींच्या शेजारी उभी राहायची, खडू द्यायची, गिऱ्हाइकाची मापं मोठ्याने परत म्हणायची. आता स्टूल रिकामं. मामंजी दोनदा जिन्याच्या तोंडाशी येऊन हाका मारून गेले. ती वरूनच म्हणाली, "मला काहीच येत नाही, आज्जा."

मामंजी परत मशीनवर जाऊन बसले, पण मशीन चालू झालं नाही. मला दोघांचंही इतकं वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की माझा राग उफाळतो. तो काढायला जागा हवी म्हणून मी सकाळी शाळेत गेले.

मनात बरंच काही जुळवून गेले होते. मिस माझ्यापेक्षा किमान दहा वर्षांनी लहान. तिने मला त्या बुटक्या खुर्चीवर बसवलं, आणि गुडघे हनुवटीला लागले की माणसाला नीट भांडता येत नाही. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मुलं हसली ते आपल्या प्रश्नामुळेच, असं स्वतःच म्हणाली. मग तिने एवढंच विचारलं की गृहपाठ करताना टेप कुणाच्या हातात होती. मी म्हटलं, सासऱ्यांच्या. मग? नवऱ्याच्या. मग? माझ्या. आपल्या फोनवर तिने त्या महिन्याचा निरोप काढला आणि खालची ओळ माझ्यापुढे धरली: टेप किंवा पट्टी मुलाच्या हातात द्या आणि चुकू द्या.

मी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, तोही एका दमात जमला नाही.

मिसची काळजी वेगळीच होती. चुकलेल्या गृहपाठाचं तिला काही नव्हतं, पण पोरीचा हात पुन्हा खाली गेला होता आणि तो वर कसा आणावा हे तिलाही कळत नव्हतं. राज्योत्सव, म्हणजे इथल्या राज्याचा स्थापनादिन, जवळ आला होता आणि त्यासाठी वर्गातली मुलं लाल-पिवळ्या क्रेप कागदाचे कमरपट्टे करणार होती, एकमेकांची मापं घेऊन. त्या तासाला मी आणि मामंजी येऊन बसलो तर बरं, असं ती म्हणाली. अट एकच होती, तोंड उघडायचं नाही.

मामंजींना ही अट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "सरी, बरं. मी काय बोलतो कधी?" आणि हेच ते पुढे जेवण होईपर्यंत सांगत राहिले.

ठरलेल्या दिवशी मामंजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्याबरोबर वर्गात आले. टेप घरी ठेवून या असं मी बजावलं होतं, त्यामुळे त्यांचा हात सारखा गळ्याकडे जाऊन रिकामा परत येत होता. पोरगी शेवटच्या बाकावर होती. जोडीदाराने तिच्या कमरेचं माप घेतलं, आकडा लिहिला, कागद कापला, आणि ती खांबासारखी उभी राहिली. जोडीदाराचं माप घ्यायची तिची पाळी आली तेव्हा टेप तिने त्यालाच देऊन टाकली. त्याने आपली कमर आपणच मोजली.

सगळ्यांची मापं बरोबर आली होती, सेंटीमीटरवर सेंटीमीटर. मुलांनी पट्टे गुंडाळून मागे चिकटवले आणि वर्ग कसा कन्नड झेंड्यासारखा दिसायला लागला. मग मिस म्हणाली, आता बसा. मुलं बसली आणि फर्रकन आवाज झाला. एकाचा फाटला, दुसऱ्याचा फाटला, पाहता पाहता निम्म्या वर्गाचे पट्टे जमिनीवर. हे असं होणार हे मिसला आधीपासून माहीत होतं, तिच्या चेहऱ्यावरूनच ते कळत होतं. ती म्हणाली, मापं तर बरोबर आहेत, मग झालं काय?

कुणी म्हणालं कागद खराब आहे. कुणी म्हणालं गोंद कमी पडला. माझ्या शेजारी मामंजी बसल्या जागी फुगत चालले होते. उत्तर त्यांच्या ओठांशी येऊन धडकत होतं. मी त्यांचं मनगट धरलं आणि इतकं घट्ट दाबलं की सुनेने सासऱ्याचं दाबू नये. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आमची पोरगी उठली. हात वर न करताच उठली. जोडीदाराकडून तिने टेप घेतली, त्याच्या कमरेभोवती गुंडाळली आणि आत आपली दोन बोटं सरकवली. मामंजी असंच करतात. टेप आणि पोट यांच्यामधे दोन बोटं, म्हणजे माणूस जेवेल, बसेल, वाकेल, तरी कापड अडणार नाही. आमच्यापैकी कुणी हे तिला समजावून सांगितलेलं नव्हतं. स्टुलावरून ती ते बघत आली होती एवढंच.

"श्वास घ्यायला स्वल्प जागा ठेवायची," ती कन्नडमधे म्हणाली, "नाहीतर फाटतं." मग वाकून टेपवरचा आकडा बघितला, त्यातून आधीचा आकडा वजा केला, आणि सांगितलं की प्रत्येकाने आपल्या मापात चार-पाच सेंटीमीटर वाढवायचे. वजाबाकी तिने तोंडी केली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

सगळी मुलं एकमेकांच्या पोटावर बोटं घालून बघायला लागली. त्या गोंधळात मिस तिच्याजवळ गेली आणि विचारलं की हे तुला कुणी शिकवलं? विचारताना तिने आमच्याकडे बघितलं. मामंजी खुर्चीत सरळ झाले, शर्टाची कॉलर नीट केली.

पोरगी टेप गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणी नाही शिकवलं. मला येतं."

शिवलेल्या एका काजाचं श्रेयही मामंजी दुसऱ्याला घेऊ देत नाहीत, त्यावरून नवऱ्याशी त्यांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. मी भीतभीत त्यांच्याकडे पाहिलं. ते दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून नातीकडे बघत होते आणि मिशीआड हसू मावत नव्हतं. परतताना ते कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे थांबले, मग फुलवालीकडे, मग समोरच्या इस्त्रीवाल्याकडे, आणि प्रत्येकाला त्यांनी एकच गोष्ट सांगितली: माझ्या नातीला मापं येतात, कुणी शिकवलेली नाहीत.