हारातलं लाल बटण

आमचा चटईचा कारखाना परदेशी कंपनीने घेतला, तेव्हा आता नवीन मशिनं येणार असं जळगावच्या एमआयडीसीत जो तो सांगत होता. आलं काय, तर प्रत्येक लूमला एक लाल बटण. धागा तुटला की ते दाबायचं. लूम थांबतं, वर दिवा पेटतो. मला रागच आला. चालत्या लूमवर गाठ मारणारा माणूस मी. ते कसब शेडमधल्या सगळ्यात जुन्या कारागिराने, आबांनी, मला शिकवलेलं. मशीन थांबवणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं. जुने शेठसुद्धा चालत्या लूमवर गाठ मारणाऱ्याच्याच पाठीवर थाप द्यायचे.

पण गाठ बसेपर्यंत लूम पुढे गेलेलं असतं. तेवढ्या पट्ट्यात धागा नसतो आणि चटई बाद होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. साक्रीच्या आठवडे बाजारात आमच्या बाद चटयांचा ढीग पाहून मी एकदा मान खाली घालून पुढे गेलो होतो. नव्या साहेबाने मात्र दुभाष्याकरवी सरळ सांगितलं, दिवाळीपर्यंत बाद माल निम्म्यावर आला नाही तर जुनी शेड बंद. त्या शेडमध्ये आम्ही अठराजण होतो.

बटणं बसली ती ऐन दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला आम्ही रीतीप्रमाणे यंत्रांची पूजा केली. बटण नवं, समोरच. हळदकुंकू तिथेच लावलं, झेंडूचा हारही तिथेच अडकवला. हार आपोआप वाळून गळेपर्यंत काढायचा नाही, अशी आमची पद्धत. मग बटणाला हात कोण लावणार? आठवडाभर एकही दिवा पेटला नाही. धागाच तुटत नाही असं वाटून साहेब आधी खूश झाला, मग बाद मालाच्या ढिगातली एकेक चटई उलगडून बघू लागला. ते पाहून मला लाज वाटली. माणसं तीच, लूम तीच, आणि शेड बुडवणार होतो आम्हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझा धागा तुटला. बोटं शिवशिवली. मी हात जोडले, हार काढून बाजूला ठेवला आणि बटण दाबलं. अख्खी शेड वळून बघू लागली. आबा तरातरा आले.

"काय करी राह्यना तू? बठ्ठा देखी राह्यनात."

"देखू द्या, आबा. शेड वाचाले पाहिजे."

चार दिवस सगळे मला दिवेवाला म्हणत होते. म्हणा, म्हटलं. मी दाबतच राहिलो. संध्याकाळी चांगल्या मालाचा ढीग माझ्याच लूमपाशी उंच दिसायचा, तेव्हा एकेकाचा हार उतरू लागला. दिवाळी जवळ आली तेव्हा हार उरला तो फक्त आबांच्या लूमवर, पार वाळलेला.

मग एका दुपारी त्यांचा धागा तुटला. बोटं सवयीने धाग्यांकडे गेली, अर्ध्यावर थांबली. त्यांनी हार काढला, कपाळाला लावला आणि बटण दाबलं. थांबलेल्या लूमसमोर उभं राहून सावकाश गाठ मारली, वाकून तिच्याकडे बघत राहिले. मी जवळ गेलो.

"इतला वरीस गाठ मारी," ते म्हणाले, "पन देखी आज."

शेड अजून चालू आहे.