सुमीसाठी तीन शाळा आणि माझी शंभर पानी वही

दहावीत मी तीनदा नापास झालो होतो, त्यामुळं आमच्या घरात शिक्षणातला जाणकार मीच होतो. बाकीच्यांना तेवढाही अनुभव नव्हता! म्हणून धाकटी बहीण सुमी सातवी पास झाली आणि गावातली शाळा तिथंच संपली, तेव्हा अण्णांनी मला ओसरीवर बोलावलं.

"आसपास झेडपीची तीन हायस्कुलं हायत. बघून ये, अन् कोणती बरी ते सांग. शाळा उघडंस्तोवर ठरली तर पोरगी आठवीला. न्हाई ठरली तर खुरपं घेऊन शेतात. मी दुसऱ्यांदा इचारणार न्हाई."

सुमी दाराआडून ऐकत होती. चेहरा एवढासा झालेला.

"दादा, नीट बघ हं. मला शिकायचंय."

"फिकीर करू नको, म्या हाय की!" (हे वाक्य मी प्रत्येक परीक्षेआधीही म्हणायचो.)

आई चुलीपुढून म्हणाली, "पोरींचं बी काई इचारून ये रे."

"आई, तुला ह्यातलं कळत न्हाई," मी म्हणालो. आई बिचारी शाळेची पायरीही न चढलेली!

मी शंभर पानी वही विकत आणली आणि रकाने आखले: अंतर, इमारत, झाडं, मैदान, शिस्त. निकालाचा रकाना ठेवला नाही. जुन्या जखमा कशाला उकरायच्या! मग सायकलवर टांग टाकली आणि भर मे महिन्यात तपासणीला निघालो. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, हे तीनदा दहावीला बसलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हरकत नव्हती. ओढ्याकडच्या शाळेत व्हरांड्यात शिपाई घोरत होता. त्याला हलवून विचारलं, "मामा, पोरं लय दंगा करतेत का?"

"बिलकुल न्हाई. पंधरा दिस झाले, चूं न्हाई की चां न्हाई."

मी लिहिलं: शिस्त उत्तम.

सडकेवरच्या शाळेच्या भिंतीवर एका अंगाला 'विद्यापीठाचे नामांतर झालेच पाहिजे' आणि दुसऱ्या अंगाला 'होऊ देणार नाही' असं रंगवलेलं. मी लिहिलं: दोन्ही बाजू शिकवतात. टेकडीवरच्या शाळेपर्यंत सायकल ढकलता ढकलता माझी जीभ बाहेर आली. लिहिलं: कसरतीची सोय आहे.

इथवर सगळं ठीक होतं. पण एका पोराच्या हातात वही आहे आणि तो शाळा तपासतोय, ही बातमी तिन्ही गावांत पोचली. आता गोम अशी, की आठवीचा पट कमी भरला की तुकडी तुटायची, आणि तुकडी तुटली की एका मास्तरची बदली व्हायची, तीही कुठंतरी लांब. त्यामुळं उन्हाळ्यात मास्तर लोक गावोगाव पोरं गोळा करत हिंडायचे. त्यांना मी सापडलो!

ओढ्याकडच्या सरांनी मला हॉटेलात नेऊन दोन प्लेट भजी खाऊ घातली. "भाऊसाहेब, बहीण आमच्याकडंच."

"आता तुमचं मीठ खाल्लं सर, तुमच्याकडंच!"

सडकेवरच्या सरांनी रसवंतीवर बसवलं. टेकडीवरच्या सरांनी तर कहर केला. म्हणाले, "पंधरा ऑगस्टला आमच्या पोरांपुढं दोन शब्द बोला."

"कशावर?"

"अभ्यासाचं महत्त्व."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला बोलायला उभं करत होतं (एरवी बाकावरच उभं करायचे). मी त्यांनाही शब्द दिला. समोरचा माणूस एवढ्या मायेनं खाऊ घालतोय आणि त्याला न्हाई म्हणायचं? आमच्या घरात ती रीत नाही!

शाळा उघडायच्या दिवशी मी उशिरा उठलो, तर ओसरीवर तिन्ही मास्तर एकाच सतरंजीवर बसलेले.

"भाऊसाहेबांनी मला जबान दिलीय!"

"अहो, मला आधी दिलीय!"

"आमच्याकडं तर त्यांचं भाषण हाय!"

अण्णा माझ्याकडं वळले. "एका पोरीला किती शाळा लावल्यास रे?"

मी वही उघडून शिस्तीच्या रकान्यावर बोट ठेवलं. अण्णांनी वही हिसकावून बाजेखाली भिरकावली.

"चारचौघांत इज्जत घालवली माझी! पोरगी कुठंच जाणार न्हाई आता. सुमे, खुरपं घे!"

कुणी ओ दिली नाही. सुमी घरात नव्हती. आईही नव्हती. माझ्यामुळं पोरीचं शिक्षण बुडालं, आणि आता ती गेली तरी कुठं?

तासाभरानं दोघी अंगणात आल्या. सुमीच्या हातात नवी पुस्तकं, आईच्या अंगठ्याला जांभळी शाई.

"नाव घालून आलाव," आई म्हणाली. "टेकडीच्या शाळेत."

टेकडीवरचे सर ताडकन उठले. ज्या पोरीसाठी ते इथं सकाळपासून हमरीतुमरीवर आले होते, ती त्यांच्याच शाळेतून परत आली होती!

अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "तुला काय कळलं गं कोणती बरी ते?"

"आठवडी बाजारात तिन्ही गावच्या बाया भेटल्या. एकच इचारलं, पोरींसाठी कडीची मुतारी हाय का. दोघी न्हाई म्हणल्या. एकीनं हो म्हणलं. कडी नसंल तर पोरगी दिवाळीपस्तोर टिकती का शाळेत?"

ओढ्याकडच्या आणि सडकेवरच्या मास्तरांनी माना खाली घातल्या. माझ्या वहीत झाडांसाठी सात पानं होती, कडीसाठी एक ओळ नव्हती. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझी लाज वाटली. अण्णांनी खुरपं उचलून आढ्याला खोचलं.

मी हळूच सटकणार, तेवढ्यात आईनं पदराआडून एक कागद काढला.

"ह्यो तुझा. हेडमास्तरला इचारलं, थोरलाबी बसूनच हाय, त्याचं काई होतं का? तर म्हणले, बाहेरून दहावीला बसवा, सतरा नंबरचा फारम भरा."

"दादा, फिकीर करू नको," सुमी म्हणाली, "म्या हाय की!"

फॉर्म तिनंच भरला. 'यापूर्वी केव्हा व कोणत्या विषयांत अनुत्तीर्ण' या रकान्यात मात्र जागा पुरेना. तेव्हा तिनं बाजेखालून माझी शंभर पानी वही काढली, मागचं एक कोरं पान फाडलं आणि फॉर्मला जोडलं. म्हणजे वही अगदीच वाया गेली, असं कुणी म्हणू नये!