पाईकराव सरांचं अर्धं वाक्य

वसमतजवळच्या छोट्या वायनरीच्या मालकानं पाईकराव सरांना फसवलं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण सर गेल्यापासून सगळे त्यांच्याबद्दल गोड गोडच बोलत आहेत आणि त्या गोडव्यात ही गोष्ट बुडून जाईल.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी हळदीचा व्यापारी. पोती उचलण्यापासून सुरुवात केलेला, आवाज चढवल्याशिवाय सौदा न करणारा. आमची दोस्ती कशी टिकली, याचं लोकांना नवल वाटायचं. वायनरीचा मालक सरांचा जुना विद्यार्थी. नवी वाईन तयार झाली की ती चाखून लेबलसाठी दोन ओळी लिहून द्यायला तो सरांना बोलवायचा आणि सर मला सोबत न्यायचे. पहिल्याच दिवशी मी तोंडात पान घेऊन गेलो, तर दारातच म्हणाले, "शेठ, आधी ते थुंका. तुमच्या पानानं माझं नाक बधिर होऊन राहिलंय." मग पेला हलवायचे, डोळे मिटून वास घ्यायचे, घोट तोंडात घोळवायचे... आणि मूठभर मुरमुरे खाऊन पुढचा पेला. परदेशी फळांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. "जी फळं मी खाल्लीच न्हाईत, त्यांचा वास मला काहून येईल?" असं म्हणायचे. एका वाईनबद्दल त्यांनी लिहिलं होतं, हळद शिजताना कढईवर येणारी वाफ. मी वास घेतला आणि पेला पुन्हा नाकाशी नेला. माझा जन्म त्या वाफेत गेला, पण पेल्यात ती मला सरांनी दाखवली.

मग जांभळाच्या वाईनचा एक घाणा बिघडला. सरांनी लिहून दिलं, "पहिल्या घोटाला पिकलं जांभूळ, मागून ओल्या पोत्याचा वास. ही विकू नये." बाटल्या दुकानात आल्या तेव्हा लेबलवर फक्त "पहिल्या घोटाला पिकलं जांभूळ", आणि खाली सरांचं नाव. मी तणतणत वायनरीत गेलो, सर मागोमाग आले. मालक हसून म्हणाला, "सर, लेबल एवढंसं. पोत्यापर्यंत जागाच पुरली न्हाई."

"मग माझ्या नावाला बराबर कशी पुरली रे?" सरांनी शांतपणे विचारलं.

पुढच्या खेपेला बदलतो, म्हणाला. बदललं नाही. रस्त्यात लोक सरांना गाठू लागले, "सर, तुमच्या भरवशावर घेतली, अन् पाव्हण्यांपुढं फजिती झाली की!" सर चिडले नाहीत. जो भेटेल त्याला ते पूर्ण वाक्य ऐकवायचे, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. शेजारी बसून मी अवघडायचो, ते नाही. शब्द आपला आहे तर पुरा पोचवला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

दवाखान्यात शेवटचे भेटलो, तेव्हाही विचारलं, "लेबल बदललं का हो, शेठ?"

"न्हाई, सर."

खोकत खोकत हसले. "म्हंजे मी अजून खोटंच बोलून राहिलोय."

परवा तीच बाटली दुकानात दिसली... नाव तसंच. आता हळद घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला भावाआधी मी सरांचं पुरं वाक्य ऐकवतो. पण माझा आवाज कितीही मोठा असला तरी गावाबाहेर किती जाणार? मालकसाहेब, शोकसभेत हार घालताना तुमचे डोळे भरले होते, मी पाहिलं. मग तुमच्या गुरूच्या तोंडी हे खोटं अजून काहून ठेवलंय? उरलेलं वाक्य छापा, नाही तर नाव काढा. आणि तेही जमत नसेल, तर का जमत नाही ते चारचौघांत येऊन सांगा.